गोधडीचे साडेपाच हजार

हाताने शिवलेली पाच बाय सात फुटी गोधडी आणि तिच्यावर साडेपाच हजारांची चिठ्ठी, असा एक फोटो सध्या नातेवाइकांच्या आणि शाळासोबत्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर फिरतो आहे. खाली ठरलेली वाक्यं. ‘चिंध्यांचे साडेपाच हजार?’ ‘आमची आजी फुकट शिवायची.’ ‘एवढ्यात तीन जयपुरी रजया येतात.’ परदेशातून कुणी तोंड उघडलंच, तर त्याला गप्प करायला एक हुकमी वाक्य: ‘तुम्हाला काय, तुम्ही डॉलरमध्ये कमावता.’

त्या शेवटच्या वाक्याचं नंतर बघू. आधी हिशेब, कारण एवढ्या चर्चेत तो कुणी मांडलेलाच नाही.

पाच बाय सात म्हणजे 60 बाय 84 इंच. धावदोऱ्याच्या ओळी पाऊण इंचावर घातल्या तर 80 ओळी होतात, एकेक 84 इंचांची. एकूण 170 मीटर शिवण. पाच थरांतून इंचाला चार टाके घालायचे, तर सरावलेल्या हातालाही एका ओळीला 25 मिनिटं धरावी लागतात. 80 ओळींचे 33 तास झाले. कापड धुणं, उसवणं, कापणं, अंथरणं, कच्चे टाके आणि शेवटी कडा मुडपणं याचे आणखी सात. असे 40 तास. ताशी 100 रुपये धरले तर मजुरीच चार हजार. दोरा, कडेचं नवं कापड, इस्त्री, साबण यांचे 400. फोटो पाठवणं, फोनवर बोलणं, कुरिअरच्या चकरा याला 600. झाले पाच हजार. उरलेल्या पाचशेत न उचललेली ऑर्डर, मोडलेल्या सुया आणि आजारपणाचे दिवस बसवायचे. यात लूट कुठे आहे ते मला कुणीतरी दाखवावं.

‘पण कापड तर जुनंच असतं ना?’ हा प्रश्न विचारणाऱ्याने जुनेर कधी हातात धरून तपासलेलं नसतं. नवं कापड ठाणातून एकसारखं येतं. एकदा धुऊन खळ काढली आणि ते आटून घेतलं की कापायला मोकळं. जुन्याचं तसं नाही. प्रत्येक तुकडा उजेडाकडे धरून विरलेला भाग बाजूला काढावा लागतो. बटणं, हूक, चेन, इलॅस्टिक आणि जाड शिवणी उसवाव्या लागतात, नाहीतर त्याच जागी सुई मोडते. रंग जातो का ते ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून बघायचं. लाल आणि गडद निळ्यावर तर डोळे झाकून भरवसा ठेवूच नये. पोटात सुतीच घालावं. मध्ये एक थर नायलॉनचा आला तर घाम शोषला जात नाही, वर तो थर सरकतो आणि दोन धुण्यांत गोधडीला गुठळ्या येतात. जरीचा काठ दोरा कापतो, म्हणून तो कडेला वेगळा लावावा, त्यातून धावदोरा नेऊ नये. जुनं रेशीम घडीवर तडकतं, त्याला मागून मलमल लावल्याशिवाय ते टाके धरत नाही. हे सगळं काम सुई हातात घेण्याआधीचं. जुन्या कापडाने सामानाचे पैसे वाचतात आणि तेवढेच तास वाढतात.

पुढचा घोळ अंथरताना होतो. आपल्याकडे पुष्कळ जणी कडेने सुरुवात करून फेऱ्याफेऱ्यांनी मध्याकडे येतात. दिसायला ते सुंदरच, पण आधी मधून बाहेर, वीतभर अंतरावर कच्चे टाके घातलेले नसतील तर सगळा झोळ गोळा होऊन मध्यभागी फुगा धरतो. तो नंतर निघत नाही. निम्मी गोधडी उसवावी लागते, आणि त्या तासांचे पैसे कुणीच देत नाही.

आता ‘आजी फुकट शिवायची’. फुकट नव्हतं ते. शेजारणी एकमेकींच्या वाकळीवर बसत, आज तुझ्या ओसरीवर, उद्या माझ्या. शेतातल्या इर्जिकीसारखी ती श्रमाची फेड होती. आज मागणारा हिंजवडीत, शिवणारी शिराळ्याकडे. तो तिच्या वाकळीवर टाके घालायला थोडाच जाणार आहे? मग फेड पैशानेच व्हायची.

इथे अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टरच्या आसपास, हाताने क्विल्ट, म्हणजे इकडची गोधडी, शिवणाऱ्या आमिश आणि मेनोनाइट या ख्रिस्ती पंथांतल्या बायका मजुरी सांगतात ती दोऱ्याच्या यार्डावर. रीळ मोजायचं, किती यार्ड गेला ते लिहायचं, त्याला दर लावायचा. लाँगआर्मवाल्या, म्हणजे क्विल्ट शिवायच्या मोठ्या यंत्रावर काम करणाऱ्या, चौरस इंचावर घेतात. क्वीन आकाराच्या पलंगाची क्विल्ट 90 बाय 100 इंच, म्हणजे 9,000 चौरस इंच. तीन सेंट दराने 270 डॉलर, तेही फक्त वरच्या शिवणीचे. तुकडे जोडण्याचे, आतल्या थराचे, कडेचे वेगळे. याचे रुपये करत बसू नका, त्या बाईची बिलंही डॉलरमध्येच येतात. घेण्यासारखी आहे ती मोजण्याची रीत. मीटरला 20 रुपये, 170 मीटरचे 3,400, तयारीचे सात तास वेगळे, असं पावतीवर लिहिलं की घासाघीस करणाऱ्यालाही आकडा वाचावा लागतो. ओळी दीड इंचावर चालत असतील तर शिवणीचे पैसे निम्मे, हेही त्यालाच ठरवता येतं. ‘गोधडी कितीला?’ या प्रश्नाला सरळ उत्तरच नाही, आधी आकार, थर आणि ओळींमधलं अंतर विचारायला हवं.

चिंध्यांचं म्हणाल, तर अलाबामातल्या गीज बेंडच्या बायकांनी शेतावर घालून विटलेल्या डेनिमच्या क्विल्टी केल्या. 1966 साली त्यांच्या भागात फ्रीडम क्विल्टिंग बी ही सहकारी संस्था उभी राहिली, 2002 मध्ये त्या क्विल्टी न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाच्या भिंतीवर लागल्या आणि 2006 साली त्यांची टपाल तिकिटं निघाली. कापड तिथेही जुनंच होतं.

लगेच कुणी म्हणेल, परदेशातलं सगळं सोन्याचं. नाही. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला स्मिथसोनियन या इथल्या राष्ट्रीय संग्रहालय संस्थेने आपल्या संग्रहातल्या क्विल्टांच्या नकला चीनमध्ये करून विकायला परवानगी दिली, तेव्हा इथल्या क्विल्टवाल्या बायकांना रस्त्यावर उतरावं लागलं होतं. आजही इथे तास मोजायला बसलं तर बहुतेकींच्या हाती किमान वेतनही पडत नाही. पण त्या ऑर्डर घेताना कागद करतात, आणि आपल्याकडे तो मागितला की माणसं दुखावतात. ‘आपल्यात कसला कागद?’

आपल्यात म्हणूनच कागद. त्यावर आकार, थर, ओळींमधलं अंतर, कुणाची किती लुगडी ताब्यात घेतली त्यांचे फोटो आणि तारीख. निम्मे पैसे आगाऊ. मांडणीचा फोटो पाठवायचा आणि होकार लेखी घ्यायचा. कच्चे टाके पडल्यावर बदल हवा असेल तर त्याचे तास वेगळे. उरलेले पैसे कुरिअरआधी. आणखी एक अट मला फार महत्त्वाची वाटते: विरलेलं कापड वापरायला नकार द्यायचा हक्क शिवणारीचा. वारलेल्या आईचं लुगडं असतं, ग्राहक रडवेला होऊन आग्रह धरतो, आणि वर्षभरात ते फाटलं की बोल तिलाच लागतो. तेवढा तुकडा मलमलीवर शिवून मध्ये ठिगळासारखा लावावा, हे आधीच बोलून घ्यावं.

कुरिअरचंही तसंच. पाच सुती थरांची ही गोधडी दोन किलोच्या आत भरते, पण 40 बाय 35 बाय 20 सेंटिमीटरच्या खोक्यात घातली की आकारमानाने (लांबी, रुंदी आणि उंचीचा गुणाकार भागिले 5,000) तिचं वजन 5.6 किलो धरलं जातं. हवा काढलेल्या पिशवीत घालून खोक्याची उंची 10 सेंटिमीटरवर आणली तर 2.8. अमेरिकेत 800 डॉलरखालच्या मालाला असलेली आयात शुल्कमाफी ऑगस्ट 2025 मध्ये थांबली, म्हणून शुल्क कोण भरणार हेही त्याच कागदावर हवं.

आता ते डॉलरचं वाक्य. मला ते लागतं, कारण त्यात खरं आहे, फक्त बोलणाऱ्याला वाटतं ते नव्हे. आईच्या लुगड्यांची गोधडी करून हवी म्हणणाऱ्यांत आम्ही परदेशी राहणारेच पुष्कळ. इथल्या लाँगआर्मवालीला 270 डॉलर एका शब्दाने न घासता देणारे आम्ही, गावाकडच्या मावशींना ‘थोडं कमी करा ना, घरचेच आहोत’ म्हणतो. त्या ‘घरचेच’मध्ये आमची सगळी गरज आहे. तिने आम्हाला परक्याचा दर लावला तर आपण तिथले उरलो नाही असं वाटतं, म्हणून आम्ही पैशांसाठी नाही, त्या आपलेपणासाठी घासाघीस करतो, आणि भुर्दंड तिच्या 40 तासांवर बसतो. गटावर साडेपाच हजारांना हसणाऱ्यांचा मला इतका राग का येतो याचं उत्तरही इथेच आहे. ते जे उघड म्हणतात ते आम्ही लाडाने म्हणतो. मी अजून तिथली आहे का, हे मला कुणा शिवणारीच्या सवलतीवरून ठरवायचं नाही.

तर, ज्यांना यंदाच्या दिवाळीला गोधडी हवी आहे त्यांच्यासाठी. जून ते सप्टेंबर जुनेरं धुऊन नीट वाळत नाहीत, दमट कापड थरांत गेलं की कुबट वास येतो तो जात नाही. म्हणून लुगडी मे संपायच्या आत पोचवा, शक्य तर धुऊन, उन्हात वाळवून, आणि निम्मे पैसे त्याच दिवशी पाठवा.