वायपरच्या मोटरवरून एवढा राग?

'अभ्यासू वाचक' यांस,

ओट्राग या जर्मन कंपनीच्या स्वस्त रॉकेटवरच्या माझ्या लेखात तुम्ही चार चुका काढल्यात. पहिल्या उड्डाणाचं वर्ष चुकलं, रॉकेट कक्षेत कधी गेलंच नाही, दाब पेलायला जाड नळी वापरली की वजन वाढतं, आणि "वायपरच्या मोटरवर रॉकेट उडवणं हे गॅरेजवाल्यांचं डोकं, लेखकानेही कधी पाना हातात धरलेला दिसत नाही."

वर्ष चुकलं, मान्य. झाईरमधल्या (आजचा काँगो लोकशाही प्रजासत्ताक) शाबा पठारावरून पहिलं उड्डाण १७ मे १९७७ ला झालं, मी १९७८ लिहिलं होतं. दुरुस्त केलंय.

आता पाना. साहेब, चिंचवडच्या एका कारखान्यात प्रेशर व्हेसलच्या, म्हणजे दाब पेलणाऱ्या टाक्यांच्या, फॅब्रिकेशनवर मी एकोणीस वर्षं काढली. हायड्रो टेस्टला (टाकीत पाणी भरून दाब देऊन बघतात ती) गेजचा काटा चढताना वेल्डरच्या शेजारी उभा राहिलोय. तेव्हा तुम्ही काय करत होतात, ते काही लिहिलं नाहीत. आणि 'गॅरेजवाला' ही तुम्हाला शिवी वाटते? आमच्या निम्म्या जॉबची अडचण शेजारच्या गॅरेजवाल्यानेच सोडवलेली असायची.

मोटर कशासाठी होती हे तरी समजून घ्यायचंत. ओट्रागचे संस्थापक लुट्झ कायझर यांच्या रॉकेटात टर्बोपंप, म्हणजे इंजिनात इंधन ढकलणारा वेगवान पंप, नव्हताच. २७ सेंटिमीटर व्यासाच्या पोलादी नळ्यांच्याच टाक्या. काहींत केरोसीन, काहींत नायट्रिक आम्ल, आणि वरच्या मोकळ्या जागेत दाबाखालची हवा. तीच सगळं इंजिनात ढकलणार. मग हलणारं उरतं काय, तर झडप. एका बाजूची झडप थोडी मिटली की तिथला जोर कमी होतो आणि रॉकेट तिकडे झुकतं. एवढ्या कामाला गाड्यांसाठी ढिगाने बनणारी मोटर पुरत असेल, तर वेगळी घडवून घ्यायची कशाला? या कंपनीच्या अध्यक्षपदी कुर्ट डेबुस होते, केनेडी अंतराळ केंद्राचे पहिले संचालक. म्हणा त्यांनाही गॅरेजवाले.

कक्षेत गेलं नाही, बरं. १९७९ मध्ये झाईरने गाशा गुंडाळायला लावल्यावर जाणार कुठून? वजनाचं म्हणाल, तर जाड पत्रा काय असतो हे निदान मला शिकवू नका. त्यावर सवडीने लिहीन.

आणि हो, तुमच्या प्रतिक्रियेत 'बालिश' हा शब्द तीनदा आलाय. मोजलाय मी.