नॉकआउट गुलाबाच्या बियांबद्दल खुलासा

'नॉकआउट गुलाबाचं पिकलेलं फळ फोडून बी पेरा, हुबेहूब तसंच झुडूप मिळेल' असा मेसेज 'नॉकआउट' या गुलाबाच्या जातीबद्दल फिरतोय. गेल्या वर्षी मीही तो पुढे पाठवला होता. तो चुकीचा आहे, माफ करा.

गुलाबाच्या प्रत्येक बीत आईबापांचे गुण वेगळ्याच तऱ्हेने मिसळतात. मी पेरलेल्यांपैकी दोन रोपं फुलली: एकाला फिकट गुलाबी, एकेरी फूल आलं, दुसऱ्याची पानं काळ्या ठिपक्यांच्या रोगाने गळून गेली.

नवी जात मात्र बियांपासूनच निघते. कळीच्या पाकळ्या काढायच्या, पुंकेसर चिमट्याने खुडायचे, दुसऱ्या जातीचे पराग ब्रशने लावायचे आणि फळ पिकेपर्यंत काही महिने थांबायचं. त्यातली बहुतेक रोपं बाद होतात. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या विल्यम रॅडलर यांनी अशीच वर्षानुवर्षं निवड करत, या ठिपक्यांच्या रोगाला दाद न देणारा नॉकआउट काढला. तो २००० साली बाजारात आला. इतकी चिकाटी आहे त्यामागे!

तेच झाड हवं असेल तर फांदी लावा किंवा डोळा भरा, म्हणजे त्याच्या फांदीवरचा डोळा दुसऱ्या गुलाबाच्या खोडावर बसवा. जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका, आणि ज्यांना पाठवलाय त्यांना हा खुलासा जरूर कळवा.