केळं बंद, पेरू बंद, सीताफळ बंद, आणि एवढ्याशा बाळाला मध चालू?

दसरा झाला की एक मेसेज फॅमिली ग्रुपवर हमखास येऊन पडतो. यंदा आमच्याकडे तीन ग्रुपवर आला, एकदा तर हात जोडलेल्या इमोजीसकट. ज्यांना आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो: शरद ऋतूत मुलांच्या अंगात कफ साठायला लागतो, म्हणून दिवाळीपर्यंत केळी, पेरू, सीताफळ, दही आणि रात्रीचं दूध एकदम बंद करा. त्याऐवजी झोपताना मध-हळदीचं चाटण द्या, आठवड्यातून दोनदा जायफळ-वेखंडाची गुटी द्या, उशाशी कापराची पोटली ठेवा, मूल वर्षभर शिंकणारसुद्धा नाही. डॉक्टर हे सांगणार नाहीत कारण त्यांचं दुकान बंद होईल. दहा आयांना पाठवा. (बाबांना पाठवायचा नसतो बहुतेक, तरी मी वाचला.)

आमच्याकडे मुलीचं खाणंपिणं बरंचसं माझ्याकडे आहे, त्यामुळे एकेक मुद्दा घेतोच.

पहिलं, शरदातला कफ. मेसेज आयुर्वेदाच्या नावाने फिरतोय तर आधी आयुर्वेदाचंच बघू. तिथे शरद हा पित्ताचा प्रकोप होण्याचा ऋतू आहे, कफाचा ऋतू म्हणजे वसंत, हे ऋतुचर्येचं पहिलं पान उघडलं तरी कळतं. ऑक्टोबर हीटमध्ये घामाने भिजलेल्या पोराकडे बघूनही कळतं म्हणा. आता दह्याबद्दल मात्र मेसेजवाल्याच्या बाजूने एक गोष्ट आहे, शरदात दही टाळावं असं आयुर्वेदाचे जुने ग्रंथकार वाग्भट यांनी खरंच सांगितलंय. पण त्याच ओळीत वसंत आणि ग्रीष्मही आहेत, आणि रात्री तर दही कधीच नको म्हटलंय. भर मे महिन्यात हाच ग्रुप दहीभाताचे फोटो टाकत असतो तेव्हा वाग्भट कुणाला आठवत नाहीत.

दुसरं, फळांनी सर्दी होते. सर्दी होते विषाणूंमुळे, आणि ते एकदोन नाहीत, दोनशेच्या वर आहेत. लहान मुलांना वर्षातून सहा-आठ वेळा सर्दी होणं हे नॉर्मल धरतात, प्लेग्रुपला जाणाऱ्यांना तर त्याहून जास्तही होते, आणि नवरात्रातली गर्दी, मग दिवाळीचा प्रवास, पाहुण्यांचे पापे, एकाच खेळण्याला सगळ्यांची लाळ हे सगळं नेमकं याच दिवसांत येतं. त्यात गंमत अशी की विषाणू नाकात शिरल्यापासून नाक गळायला लागेपर्यंत साधारण एक ते तीन दिवस जातात. म्हणजे काल पेरू खाल्ला आणि आज शिंका सुरू झाल्या, तर बहुतेक वेळा पेरू कापला जायच्या आधीच विषाणू आत बसलेला असतो. सीझनमध्ये पोरगी रोज पेरू खाणार, महिन्या-दीड महिन्याला एकदा सर्दी होणार, मग प्रत्येक सर्दीच्या आदल्या दिवशी पेरू सापडणारच की! रोज वरणभातही खाते, त्याला कुणी धरत नाही.

शंभर ग्रॅम पेरूत दोनशे मिलिग्रॅमच्या आसपास क जीवनसत्त्व असतं, संत्र्याच्या कितीतरी पट. त्याने सर्दी थांबते असं मी म्हणत नाहीये, तो दुसरा फॉरवर्ड आहे. पण स्वस्त, ताजं, दारात येणारं फळ कशासाठी काढून घ्यायचं? सीताफळाचं तर विचारूच नका, सासवडकडचा माल बाजारात येतो तो जेमतेम काही आठवडे, त्यातच बंदी. सीताफळात जपायचं असतं ते बियांना. घशात अडकू शकतात आणि चावल्या तर विषारी असतात, म्हणून मी गर चाळणीवर घेऊन चमच्याच्या पाठीने दाबतो, खाली पांढरा दाटसर गर उतरतो, काळ्या बिया वर राहतात, आणि पोरगी शेजारी उभी राहून तेवढ्यात दोन बोटं घालतेच. याबद्दल मेसेजमध्ये अवाक्षर नाही.

आणि एक गोष्ट डोक्यात जाते ती सांगून टाकतो. पेरू मी कापला, मी भरवला, तरी मुलगी शिंकली की काकू-मावशी विचारणार बायकोलाच, "काय दिलं होतंस गं काल?" या मेसेजचा खरा उपयोग एवढाच, घरातल्या आईला धरायला एक यादी मिळते.

दूध पटकन उरकतो. दुधाने कफ वाढतो हे जगभर मानतात, आणि तपासलंही गेलंय. १९९० साली ऑस्ट्रेलियात साठ निरोगी तरुण माणसांना मुद्दाम सर्दीचा विषाणू दिला, रोज किती दूध पितात ते लिहून ठेवलं, आणि चक्क वापरलेल्या टिश्यूचं वजन करून शेंबूड मोजला. जास्त दूध पिणाऱ्यांचा शेंबूड जास्त भरला नाही. दूध प्यायल्यावर घशात जरा जाडसर वाटतं ते लाळेत मिसळल्यामुळे, कफ तयार होतो म्हणून नाही.

आता मध. इथे मात्र थट्टा बाजूला, कारण मेसेजमध्ये वय लिहिलेलंच नाहीये आणि ग्रुपवर सहा महिन्यांच्या बाळाची आईसुद्धा असते. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात द्यायचा नाही, बोटाला लावून चाटवायचासुद्धा नाही. मधात क्लोस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात, ते मोठ्यांच्या आतड्यात रुजत नाहीत पण तान्ह्या बाळाच्या आतड्यात रुजून विष तयार करू शकतात. आधी शी होत नाही, मग रडणं क्षीण होतं, दूध ओढायची ताकद जाते, मान लुळी पडते. मध शुद्ध आहे, गावच्या पोळ्याचा आहे, उकळून घेतलाय, यातल्या कशानेही फरक पडत नाही, घरच्या उकळीने हे बीजाणू मरत नाहीत. असं क्वचितच होतं हे खरं, पण त्याची उलटी बाजू म्हणजे न दिल्याने काहीच बिघडत नाही. वर्ष पूर्ण झालेल्या मुलाला खोकल्याच्या रात्री अर्धा चमचा दिला तर खुशाल द्या, आराम पडतो याला बऱ्यापैकी आधार आहे.

गुटीवरून घराघरात वाद होतात, माझी तयारी आहे. सहाणेवर हळकुंडाचा एक वेढा, सुंठेचा एक, असं मोजून द्यायच्या जुन्या बायका, त्यांचा हात ठरलेला असायचा. पण वेढा किती जोरात मारला, जायफळ किती जुनं, सहाण किती खरखरीत, याने मात्रा बदलतेच की. जायफळाने बाळ "शांत" झोपतं कारण त्यात मेंदूवर परिणाम करणारी द्रव्यं असतात, जास्त गेलं तर ते झोपणं नसतं, गुंगी असते. वेखंडात बीटा-असारोन नावाचं घातक मानलं जाणारं द्रव्य असतं, अमेरिकेत १९६८ पासून वेखंड खाण्यात वापरायला बंदी आहे, आणि वेखंड पोटात गेल्यावर बाळांना जोराच्या उलट्या झाल्याच्या नोंदी आहेत. "आम्ही नाही का मोठे झालो?" झालो ना, ज्यांना त्रास झाला ते ग्रुपवर टाइप करायला येत नाहीत.

कापराची पोटली रांगत्या पोराच्या उशाशी ठेवायची म्हणजे ती तोंडात जाणारच. छोटीशी वडी गिळली तरी लहान मुलाला झटके येऊ शकतात, तेही काही मिनिटांत. छातीला चोळायच्या बामवरसुद्धा दोन वर्षांखाली नको असं छापलेलं असतं, कारण त्यातही कापूर असतोच.

राहिलं डॉक्टरांचं दुकान. इथे मेसेजमध्ये थोडं तथ्य आहे, साध्या सर्दीला दोन-तीन बाटल्या लिहून देणारे आहेत, आणि आपणही काही लिहून दिलं नाही तर "फी फुकट गेली" म्हणत बाहेर पडतो. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये काय झालं ते आठवा: मध्य प्रदेशात छिंदवाड्याकडची वीसहून जास्त मुलं खोकल्याच्या औषधाने गेली, किडन्या बंद पडून, त्यातली कितीतरी उपचारासाठी आपल्या नागपुरात आणलेली होती. त्या औषधात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन ४८.६ टक्के निघालं, चालतं किती तर ०.१ टक्का. त्यानंतर केंद्राने सांगितलं की दोन वर्षांखाली खोकला-सर्दीची औषधं लिहूच नका आणि पाच वर्षांखाली सहसा नकोत. म्हणजे "काही देऊ नका" हे डॉक्टरांकडूनच आलंय, फक्त ते कुणी दहा आयांना फॉरवर्ड करत नाही.

आमच्याकडे सर्दीत काय करतो? नाकात सलाईनचे थेंब, मऊ गुरगुट्या भात, त्यावर तूप, भोपळ्याचं गरम सूप, मागेल ते फळ. आणि मुलगी झोपली की तिचा श्वास एक पूर्ण मिनिट मोजतो, घड्याळ लावून. एक ते पाच वर्षांच्या मुलाचा मिनिटाला चाळीस किंवा वर, दोन महिने ते वर्षाच्या बाळाचा पन्नास किंवा वर, किंवा श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडतोय, पाणीसुद्धा घेत नाहीये, असं दिसलं तर ग्रुपवर विचारत बसू नका, गाडी काढा.