वारली भिंतीवर, वारली अतिक्रमणात

९ ऑगस्ट, म्हणजे जागतिक आदिवासी दिन, जवळ आला की मुंबईत वारली चित्रांना मागणी येते. शाळेची कंपाउंड वॉल, सोसायटीचं गेट, ऑफिसची लॉबी. स्टेन्सिल आणलं की लाल-तपकिरी रंगावर पांढरे त्रिकोण उमटवून दोन तासांत भिंत उरकते. लोकांना हे चित्र आवडतं याचा मला मनापासून आनंद आहे. पण याच शहरात, बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात आणि आरेच्या पाड्यांवर, वारली माणसं राहतात आणि त्यांच्यातल्या कितीतरी जणांचं घर सरकारी कागदावर आजही ‘अतिक्रमण’ आहे. मल्हार कोळी, कोकणा, काथोडी, दुबळा या शेजाऱ्यांचीही तीच गत. चित्र आणि घर या दोन्ही गोष्टी एकदमच बोलल्या पाहिजेत असं मला वाटतं, म्हणून ही लांबलचक पोस्ट.

आधी चित्र. वारली बाया चौक काढत नाहीत, चौक ‘लिहितात’. लग्नघरात आतल्या भिंतीवर सवाशिणी तो लिहितात, धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाणी म्हणते, आणि चौक लिहिल्याशिवाय लग्न लागत नाही. मधल्या चौकात पालघट देवी, बाजूच्या लहान देवचौकात पाचशिऱ्या देव. आसपास सूर्य, चंद्र, शिडी, फणी, बाशिंग. आता हीच पालघट पायपुसण्यावर आणि चपलांच्या स्टँडमागे छापलेली दिसते. छापणाऱ्याला ती नक्षी वाटते. शेत, माडी काढणारा, भात झोडणाऱ्या बाया, मासेमारी, झाडं, तारपा हे फुंकून वाजवायचं वाद्य असे शेकडो विषय सजावटीला मोकळे आहेत. चौक तेवढा सोडा.

भिंत मुळात कारवीच्या कुडाची, शेणामातीनं सारवलेली, वर गेरू. पांढरा रंग तांदळाचा. तांदूळ भिजवून गंधासारखे बारीक वाटायचे आणि ताकापेक्षा थोडं दाट ठेवायचे. दाट झालं तर वाळल्यावर तडकून पापुद्रे निघतात, फार पातळ झालं तर रेघ ओघळते. कागदाकापडावर करायचं तर त्यात डिंक लागतो. कुंचला म्हणजे बांबूची काडी, टोक चावून मऊ केलेली. नवशिक्याची फजिती ठरलेली असते. तांदळाची रेघ ओली असताना धड दिसत नाही, वाळली की उमटते. दिसत नाही म्हणून तो लगेच दुसरा हात मारतो आणि बोटभर जाड माणसं तयार होतात. थांबायला हवं, तेवढंच.

मुंबईच्या सिमेंटच्या भिंतीचं गणित वेगळं. नुसता पाण्यात कालवलेला गेरू बाहेरच्या भिंतीवर पहिल्या सरीत वाहून जातो. तिथं एक्स्टिरियर प्रायमर, टेराकोटा इमल्शनचे दोन हात आणि वर पांढरं ॲक्रेलिक हेच टिकतं. नवं प्लास्टर असेल तर किमान २८ दिवस जाऊ द्या. आणि ९ ऑगस्ट म्हणजे ऐन पावसाळा, भिंतीत ओल मुरलेली. त्या आठवड्यात रंगवलेली बाहेरची भिंत दिवाळीच्या आत फुगते आणि सोलपटते. त्या दिवशी लॉबीतली भिंत करा किंवा कॅनव्हास करा, बाहेरचं काम भाताच्या कापणीनंतर ठेवा. तारप्याचेही तेच दिवस.

तारपा चुकीचा काढलेला तर रोज दिसतो. सनईसारखी एक नळी काढून लोक मोकळे होतात. खऱ्या तारप्यात वाळवलेला भोपळा असतो, त्यात बसवलेल्या बांबूच्या दोन नळ्या, पुढे ताडाच्या पानांचा लांब कर्णा आणि सांधे बुजवायला मेण. नाचणारे एकमेकांच्या कमरेला हात घालून तारपकऱ्याभोवती फिरतात आणि तारप्याकडे पाठ करत नाहीत. सोसायटीच्या भिंतींवर मात्र निम्मी माणसं बाहेर तोंड करून उभी असतात.

सवाशिणींच्या हातातला हा चौक जगासमोर गेला तो जिव्या सोमा मशे यांच्यामुळे. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचा हा माणूस लग्नकार्य नसतानाही रोज चित्र काढू लागला. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी यांनी त्या भागात कागद पोचवला. १९७६ ला मशे यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, २०११ ला पद्मश्री. २०१८ साली ते गेले. एका माणसानं आपल्या जमातीची लिपी जगाला वाचायला लावली, ही कुठल्याही मापानं फार मोठी कामगिरी आहे. ती बायकांच्या भिंतीवरून उचललेली होती, हेही त्याच वाक्यात सांगायला हवं.

वारली चित्राला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय, मिळालं. त्याबद्दल दोन गैरसमज आहेत. एक, जीआय आहे म्हणून कोणी वारली शैलीत चित्र काढूच शकत नाही. तसं नाही. संरक्षण त्या नावाला आहे, त्रिकोण कोणाच्या मालकीचे नाहीत. दुसरा, कंपनीनं पैसे भरले की जीआय वापरायचा परवाना मिळतो. तेही नाही. १९९९ च्या कायद्याच्या कलम २४ नुसार जीआय विकता येत नाही, गहाण ठेवता येत नाही, भाड्यानंही देता येत नाही. नाव वापरण्याचा हक्क अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद झालेल्या उत्पादकाचा. त्यासाठी जीआय-३ हा अर्ज चेन्नईच्या नोंदणी कार्यालयाकडे जातो. आरेतल्या पाड्यावर राहणाऱ्या चित्रकारानं तो करण्याआधी एक गोष्ट पाहावी. जीआयला भौगोलिक हद्द असते आणि ती नोंदणीच्या कागदातच लिहिलेली असते. ती न वाचता अर्ज केला तर फुकटची खेप पडते.

सोसायटीला, शाळेला खरंच साजरं करायचं असेल तर चित्रकार पाड्यावरून बोलवा आणि कागद करा. चौरस फुटाचा दर ठरवा, निम्मी रक्कम आगाऊ द्या, रंग, परांची आणि विमा तुमच्याकडे ठेवा. भिंतीच्या कोपऱ्यात चित्रकाराचं नाव आणि पाडा येऊ द्या. डिझाइन पुढे कॅलेंडरवर किंवा टी-शर्टवर वापरायचं असेल तर ते वेगळं लिहून घ्या, वेगळे पैसे द्या. कॉपीराइट कायद्यात हक्क लेखीच द्यावे लागतात, मुदत लिहिली नाही तर पाच वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरतंच. चित्र विकलं तरी त्याखाली आपलं नाव मागण्याचा हक्क चित्रकाराकडेच राहतो.

आता घर. संयुक्त राष्ट्रांचा आदिवासी हक्कांचा जाहीरनामा १३ सप्टेंबर २००७ ला मंजूर झाला. बाजूनं १४४ देश होते, त्यात भारतही. कलम ३१ संस्कृतीवरच्या हक्काचं, कलम २६ जमिनीवरच्या. आपण ३१ आनंदानं साजरं करतो आणि २६ आलं की विषय बदलतो.

डहाणू-तलासरीच्या वारल्याला अनुसूचित क्षेत्र असल्यानं पेसा, म्हणजे तिथल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा, आहे. मुंबईच्या वारल्याला पेसा नाही. पण वनहक्क कायदा २००६ आहे, आणि त्यातल्या वनजमिनीच्या व्याख्येत राष्ट्रीय उद्यानं आणि अभयारण्यं स्पष्ट लिहिलेली आहेत. महापालिकेची हद्द वगळा असं त्यात कुठेही नाही. ग्रामसभेच्या व्याख्येत तर ‘पाडा’ हा शब्दच आहे. ‘हे शहर आहे, इथं लागत नाही’ असं कोणी म्हणालं तर ते लेखी मागा. १९९७ च्या उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर राष्ट्रीय उद्यानातली अतिक्रमणं हटवण्याची मोहीम झाली. त्या धामधुमीत पाडा आणि झोपडपट्टी यांतला फरक पुसला गेला. वनहक्क कायदा त्यानंतरचा आहे, आणि त्याच्या कलम ४(५) नुसार दाव्याची पडताळणी पूर्ण होईपर्यंत वननिवासी आदिवासीला हटवता येत नाही.

वनहक्काच्या दाव्यात सर्वांत मोठा खड्डा जातीच्या दाखल्याचा. अनुसूचित जमातीच्या माणसाला १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखवावा लागतो. दाखला नसेल तर तोच माणूस ‘इतर पारंपरिक वननिवासी’ ठरतो आणि त्याला ७५ वर्षांचं वास्तव्य सिद्ध करावं लागतं. म्हणून दाव्याआधी दाखला. तिथं ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा कागद सगळ्यात वजनदार असतो. आजोबा शाळेत गेले नसतील तर गाव नमुना १४ मधली जन्ममृत्यूची नोंद शोधा, चुलत आजोबांचीही चालते, फक्त वंशावळ जुळली पाहिजे. नावापुढे आडनाव न लिहिता नुसतं ‘वारली’ लिहिलेली नोंद सापडली तर तिची प्रमाणित प्रत लगेच काढून ठेवा. देवदेवतांचे प्रश्न विचारून घेतली जाणारी आप्तभाव चाचणी हीच अंतिम कसोटी नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२३ मध्ये सांगितलेलं आहे.

मग पाड्याची ग्रामसभा. हजेरी निम्म्या सभासदांची, हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया. हे आकडे रजिस्टरवर नीट दिसले नाहीत तर पुढचा सगळा दावा त्याच एका कारणानं परत येऊ शकतो. ग्रामसभा १० ते १५ जणांची वनहक्क समिती निवडते, त्यात दोन तृतीयांश आदिवासी, एक तृतीयांश बाया. वैयक्तिक दावा नमुना अ वर, सामूहिक ब वर, सामूहिक वनसंसाधनाचा, म्हणजे गावानं परंपरेनं वापरलेल्या-राखलेल्या जंगलाचा, क वर. लोक अ भरतात आणि थांबतात. मग घराखालची जमीन मिळाली तरी पाणवठा, मसणवट आणि देवाची जागा तशीच राहते. वैयक्तिक हक्क प्रत्यक्ष ताब्याइतकाच, फार तर ४ हेक्टर, पती-पत्नी दोघांच्या नावे. तो वारशानं जातो, विकता येत नाही.

पुरावे किमान दोन लागतात. रेशनकार्ड, मतदारयादी, जुनी दंडाची पावती (वनखात्यानं केलेला दंड हा त्या तारखेला माणूस तिथं होता याचा पुरावाच असतो). कागद नसतील तर विहीर, जुनी आंब्याची झाडं, वाघदेवाचा दगड, थडगी. नियमांत पवित्र जागा पुरावा म्हणून धरल्या आहेत. दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांचा जबाब लिहून, अंगठ्यासह घ्या. उपग्रहाचं चित्र पूरक म्हणून चालतं, बाकी पुराव्यांची जागा ते घेऊ शकत नाही. पडताळणीला वनखात्याचा माणूस आला की त्याची सही, हुद्दा आणि तारीख जागेवरच घ्या.

आरेत आणखी एक गुंता. २०२१ मध्ये तिथली ८१२ एकर जमीन राखीव वन म्हणून अधिसूचित झाली, बाकीची बरीच दुग्धविकास खात्याची. एका पाड्याला वनहक्काचा मार्ग सरळ उघडा, तर पलीकडच्या पाड्याला आधी जमीन वन आहे का यावरच भांडावं लागतं. म्हणून पहिला कागद सर्व्हे नंबरचा काढा.

इथं सोसायटीवाल्यांनाही काम आहे. पाड्यावरच्या बैठकीला हॉल द्या, जुने कागद स्कॅन करून द्या, रेकॉर्ड रूममध्ये सोबत जा. दावा फेटाळला तर कारणं लेखी द्यावी लागतात. ग्रामसभेच्या ठरावावर उपविभागीय समितीकडे आणि तिच्या निर्णयावर जिल्हा समितीकडे दाद मागायला प्रत्येकी ६० दिवस असतात. निर्णयाची प्रत हातात पडली की तिच्यावर मिळाल्याची तारीख घाला, पाकीट फेकू नका, आणि अर्जाच्या पोचेची झेरॉक्स पाड्याबाहेरच्या एखाद्या घरीही ठेवा. कुडाच्या घरात पावसाळ्यात कागद भिजतात.