तेफळाचा वास आणि राजभाषेचा वाद

चीनमधल्या चोंगचिंगमध्ये सकाळी सकाळी लोक 'श्याव म्येन' खातात. उंच प्लास्टिकचं स्टूल म्हणजे टेबल, ठेंगणं स्टूल म्हणजे खुर्ची, आणि वाडग्यातल्या नूडल्सवर मिरचीच्या तेलाचा लाल तवंग. इथं नोकरीला आले तेव्हा मला चिनीतला एकही शब्द येत नव्हता. दुकानातल्या मावशींना चिनीखेरीज काही येत नव्हतं. झणझणीत हवं, एवढंच मला सांगायचं होतं. फोनमधल्या भाषांतरानं काय सांगितलं कोण जाणे, समोर आलं ते फिकं, तिखटाचा थेंबही नसलेलं वाडगं.

माझा चेहरा बघून मावशींनी मला हाताला धरून मसाल्यांच्या डब्यांपाशी नेलं. एकेक झाकण उघडलं. लाल तेलाकडे बोट दाखवून म्हणाल्या, 'ला'. तिखट. दुसऱ्या डब्यात तपकिरी, उकललेली बारीक फळं होती. वास घेतला आणि डोळे भरून आले. आईच्या बांगड्याच्या हुमणातली तेफळं! मावशी म्हणाल्या, 'मा'. म्हणजे जीभ बधिर करणारं. नंतर कळलं, आपलं तेफळ आणि त्यांचं 'ह्वाज्याव' एकाच, झान्थोझायलम वंशातली भावंडं आहेत. उच्चार चुकला की मावशी मान हलवायच्या आणि पुन्हा म्हणायला लावायच्या. मागं रांग असली तरी.

गोव्यातल्या डिचोलीहून फोनवर रोज राजभाषेचा वाद येऊन पडतो. १९८७च्या कायद्यानं देवनागरी कोकणी राजभाषा झाली, मराठीला सरकारी कामकाजात वापराची मुभा मिळाली. मराठीलाही राजभाषेचा दर्जा हवा, ही मागणी आजही आहे आणि मला ती न्याय्य वाटते. घरात कोकणी बोललो, पण शाळा, भजन, वर्तमानपत्र सगळं मराठीतच झालं. ते माझंच आहे, कुणाकडून उसनं घेतलेलं नाही.

पण या वादात मला एक माणूस कुठंच दिसत नाही. म्हापशाच्या बाजारात भाजी विकणारा, बाहेरून आलेला पोरगा. तो चाचपडत कोकणीत विचारतो, 'कितें जाय, बाय?' आणि आपण लगेच म्हणतो, 'भैया, कितना हुआ?' त्याचं वाक्य तिथंच संपतं. मग घरी येऊन आपणच म्हणतो, ही माणसं आपली भाषा शिकत नाहीत. मीही वर्षानुवर्षं हेच केलं, आणि त्याची मला खरोखर खंत वाटते. कायदा झाला तर कचेरीतला कागद बदलेल, तो बदलायलाच हवा. पण त्या पोराला उत्तर कोणत्या भाषेत द्यायचं, हे कायद्याच्या हातात नाही. ते आपल्याच तोंडी आहे, कोकणी असो वा मराठी.

डिसेंबरात सुट्टीवर येईन. शुक्रवारच्या बाजारात तेफळं घ्यायची आहेत, मावशींसाठी. विकणारा अडखळला तर त्याचं वाक्य पुरं होईपर्यंत मी थांबेन. मागं रांग असली तरी.