गावाला ग्रामसभा आहे, शहराला काय आहे?

छोट्या शहरात राहणाऱ्यांना एक विचारायचं आहे. तुमच्या नगरपरिषदेची शेवटची सर्वसाधारण सभा कधी झाली आणि तिच्यात काय ठरलं, सांगता येईल? नगराध्यक्षांचा वाढदिवस कधी असतो ते विचारत नाहीये. तो सगळ्यांना पाठ असतो, चौकाचौकात फ्लेक्स लागतात.

हे सुचायचं कारण म्हणजे परवाचा शुक्रवार, २७ फेब्रुवारी. आमच्याकडे त्या दिवशी सगळं एकदमच आलं. सकाळी मंगल कार्यालयात रक्तदान शिबिर, दहाला आमच्या गल्लीच्या काँक्रीट रस्त्याचं भूमिपूजन, साडेअकराला वाचनालयात मराठी भाषा गौरव दिन, दुपारी तीनला नगरपरिषदेची अंदाजपत्रकाची सभा, आणि रात्री मैदानावर टेनिस बॉल क्रिकेटच्या चषकाचं बक्षीस वितरण. शिबिर आणि क्रिकेट सोडून बाकी ठिकाणी मी होते. पैकी गर्दी नव्हती ती फक्त एका ठिकाणी, आणि वर्षभराचा पैसा कुठे जाणार हे नेमकं तिथेच ठरत होतं.

भूमिपूजनाला मात्र सगळी गल्ली. नारळ, कुदळ, हळदकुंकू, ढोल. बोर्डावर 'यांच्या विशेष प्रयत्नांतून' खाली इतके फोटो की कामाची रक्कम, ठेकेदाराचं नाव आणि मुदत लिहायला जागाच उरली नव्हती. हा रस्ता गेल्या वर्षी पाइपलाइनसाठी खोदला होता, तेव्हाही नारळ फुटला होता. असो. आमच्या समोरच्या काकूंनी तिथेच एक प्रश्न विचारला. जुना रस्ता न उकरता त्याच्यावरच काँक्रीट ओतणार असाल तर रस्ता ओट्याच्या वर येईल, मग पावसाचं पाणी घरात येणार नाही का? दिवसभरात ऐकलेला सगळ्यात शहाणा प्रश्न तो हाच. बांधकाम सभापती अगदी आपुलकीने म्हणाले, "काकू, काळजी करू नका, इंजिनिअर साहेबांना सांगतो." साहेब दोन हातांच्या अंतरावरच उभे होते. त्यांना कोणी काही सांगितलं नाही, त्यांनीही कोणाला काही सांगितलं नाही, आणि पेढे वाटायला सुरुवात झाली.

सभापती वाईट माणूस नाही. रात्री दोनला फोन केला तरी अँब्युलन्स पाठवणारा आहे. छोट्या शहराचं सुख हेच की नगरसेवक हाकेच्या अंतरावर असतो, भाजी घेताना भेटतो, लग्नात शेजारच्या पंगतीला बसतो. पण त्यामुळेच आपल्या प्रत्येक मागणीला ओळखीचं रूप येतं. 'दादा, तेवढं आमच्या नळाचं बघा ना.' दादा बघतातही. मात्र त्या नळाच्या मागची पाणीयोजना कशी चालते, ती का अडली, कोणामुळे अडली, हे दादांना चारचौघांत विचारायची सोय कुठेही नाही. आणि रस्ता एकदा उंच झाला की तो दादांनाही खाली आणता येत नाही.

वाचनालयाचा कार्यक्रम छान झाला. कुसुमाग्रजांच्या कविता मुलींनी फार सुंदर म्हटल्या. मग पाहुणे आले आणि सत्कार सुरू झाले. शाल, श्रीफळ, पुन्हा शाल. मराठीला ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात दर्जा मिळाल्याचं प्रत्येक वक्त्याने आपापल्या परीने पुन्हा एकदा जाहीर केलं. वाचनालयाचं अनुदान आणि गळकं छप्पर यांवर कोणी बोललं नाही, कारण ज्यांना विचारायचं त्यांच्याच गळ्यात हार होते. मला जोतीराव फुल्यांची आठवण झाली. ते १८७६ पासून काही वर्षं पुणे नगरपालिकेचे सभासद होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटनच्या स्वागतावर नगरपालिकेचे हजार रुपये खर्च करायचा प्रस्ताव आला तेव्हा हा पैसा गरिबांच्या शिक्षणाला द्या म्हणून त्यांनी एकट्यांनी विरोध केला होता. तेव्हाचे सभासद लोकांनी निवडलेलेही नव्हते, सरकारने नेमलेले होते. नेमलेल्या माणसाने भर सभेत हात वर केला. आमचे सगळे निवडून आलेले आहेत.

आता सभा. दारातच शिपाई म्हणाला, "मॅडम, कोणाकडे काम आहे?" सभा ऐकायला आलेय म्हटल्यावर तो आत विचारून आला. सर्वसाधारण सभा नागरिकांना ऐकायला खुली असते. बोलता येत नाही, फक्त ऐकता येतं. पण ऐकायला कोणी येतच नसल्यामुळे प्रेक्षकांच्या खुर्च्यांवर जुन्या फायली रचलेल्या होत्या. शिपायाने बिचाऱ्याने त्या हलवल्या. माझ्याखेरीज दोन पत्रकार होते, त्यातले एक चहानंतर दिसले नाहीत.

ज्यांनी ही सभा कधी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगते. सुरुवातीला मागच्या सभेचं इतिवृत्त, म्हणजे तिथल्या कामकाजाची लेखी नोंद, कायम होतं. मग विषयपत्रिकेवरचे विषय एकेक करून वाचले जातात, कोणीतरी सूचक होतं, कोणीतरी अनुमोदक, आणि बाकीचे 'मंजूर, मंजूर' म्हणतात. इतक्या वेगात की विषय संपायच्या आधीच मंजुरी येते. त्या दिवशी अंदाजपत्रक होतं, म्हणजे कागदांचा जाड गठ्ठा. तो नगरसेवकांच्या हातात त्याच सकाळी पडला होता, हे त्यांच्याच बोलण्यातून कळलं. मी आयुष्यभर दुसऱ्यांचे ताळेबंद तपासले आहेत. असा गठ्ठा एका दुपारी वाचून त्यावर मत देणं मला जमलं नसतं.

तरी सगळं निरर्थक होतं असं म्हणणार नाही. पहिल्यांदाच निवडून आलेल्या एका नगरसेविकेने पाणीपुरवठ्याच्या वीजबिलावर प्रश्न विचारला. पंपांचं बिल एवढं, पाणीपट्टीची वसुली एवढी, मधली तूट कुठून भरता? मुख्याधिकाऱ्यांनी नीट उत्तर दिलं, गळती किती आणि बेकायदा नळजोडण्या किती तेही सांगितलं. दहा मिनिटं खरी चर्चा झाली. अशी चर्चा लोकांनी ऐकली असती तर पाणीपट्टीवर बोलण्याची आपली भाषाच बदलली असती. तिच्या शेजारच्या सदस्या गप्प होत्या. त्यांचे यजमान बाहेर व्हरांड्यात फोनवर ठेकेदाराशी बोलत होते. स्थानिक संस्थांत महिलांना ५० टक्के आरक्षण महाराष्ट्राने २०११ मध्ये दिलं. निम्म्या खुर्च्या बायकांच्या झाल्या, पण काही ठिकाणी व्हरांडा अजून पुरुषांकडेच आहे. आमच्या शहरात दोन्ही प्रकार एकाच बाकावर बसलेले दिसले.

शेवटी 'आयत्या वेळचे विषय' आले, जे पत्रिकेत नसतात. जाणकार लोक सभेचा हा भाग कधी चुकवत नाहीत म्हणतात. मी पाहिलं ते बरंच सभ्य होतं, म्हणून जास्त बोलत नाही.

माझी तक्रार नगरसेवकांबद्दल कमी आणि आपल्या व्यवस्थेबद्दल जास्त आहे. हजार-दीड हजार वस्तीच्या खेड्यात ग्रामसभा असते. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या तारखा गावातल्या पोरांनाही माहीत असतात. तिथे मतदार उभा राहून सरपंचाला विचारू शकतो की पंधराव्या वित्त आयोगाचा पैसा कुठे लावला. लाभार्थ्यांची यादी वाचली जाते, त्यावर भांडणंही होतात. तेच गाव वाढलं, त्याची नगरपंचायत झाली की ग्रामसभा संपली. दहा-बारा वर्षांपूर्वी तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतींच्या सरसकट नगरपंचायती करायचं धोरण आलं तेव्हा लोकांनी फटाके वाजवले. निधी वाढणार, दर्जा वाढणार. प्रश्न विचारायचा हक्क गेला याचा हिशेब कोणी मांडला नाही.

७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ ला अमलात आली. तिने नागरी संस्थांना पाच वर्षांची मुदत दिली, बारावी अनुसूची आणून १८ विषय सोपवण्याची वाट मोकळी केली. प्रभाग समित्याही आणल्या, पण सक्तीच्या केल्या त्या तीन लाख किंवा त्याहून जास्त लोकसंख्येच्या शहरांत. आमच्यासारखं ब वर्गातलं, म्हणजे चाळीस हजार ते एक लाख वस्तीचं शहर त्यातून सुटलं. २००९ मध्ये राज्याने कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद केली. कागदावर ती ग्रामसभेची शहरी बहीण आहे. तुमच्या भागात क्षेत्रसभा भरली असेल तर कळवा, मी स्वखर्चाने बघायला येते.

म्हणजे आमची अवस्था अधांतरी. गावाला ग्रामसभा, मोठ्या शहराला निदान कायद्यात तरी प्रभाग समिती, आणि मधल्या आम्हाला लोकशाही दिन, म्हणजे सरकारी अधिकाऱ्यांपुढे तक्रार मांडायचा दिवस. तोही महिन्यातून एकदा, अर्ज घेऊन. अर्जदार म्हणून आम्हाला जागा आहे, नागरिक म्हणून नाही.

याचा सगळ्यात बोचरा पुरावा मागच्या चार वर्षांत मिळाला. २०२१ च्या अखेरीपासून राज्यातल्या नगरपरिषदांची मुदत संपत गेली. ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचना यांचा वाद न्यायालयात, निवडणुका लांबल्या, सगळीकडे प्रशासक बसले. पाच वर्षांची मुदत संपण्याआधी निवडणूक घ्या असं राज्यघटना सांगते. शेवटी ६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घ्यायला सांगितलं, तेव्हा कुठे २ डिसेंबरला मतदान झालं आणि २१ तारखेला निकाल लागले. या सगळ्या काळात सभागृह एकच माणूस होता. तोच प्रस्ताव मांडणार, तोच मंजूर करणार. आमच्या शहरात यावर मोर्चा निघाला नाही, निवेदनसुद्धा गेलं नाही. नळाला पाणी पूर्वीइतक्याच दिवसांनी येत होतं. सभागृह नसल्याचं आम्हाला जाणवलंच नाही, कारण ते असतानाही आम्ही तिथे कधी नव्हतो.

आणि नगराध्यक्ष कसा निवडायचा, ते तर विचारूच नका. २००१ ला थेट जनतेतून, २००६ ला नगरसेवकांतून, २०१६ ला पुन्हा थेट, २०२० मध्ये पुन्हा नगरसेवकांतून, २०२२ मध्ये पुन्हा थेट. मुंबईतल्या सरकारच्या मनात आलं की आमच्या नगराध्यक्षाची पद्धत बदलते. एवढ्या उलथापालथीत आम्हाला कोणी विचारलं नाही, कारण विचारायचं कुठे हा प्रश्न त्यांनाही पडला असणार.

नगरपालिकेच्या ठरावाला किंमत काय असते, म्हणणाऱ्यांनी महाड आठवावं. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांनाही खुले करा असं सांगणारा बोले ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ मध्ये झाला होता, त्याला धरून महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळं सगळ्यांना खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर. पुढची तीन वर्षं अस्पृश्यांना त्या तळ्यावर कोणी येऊ दिलं नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो लोकांना घेऊन तळ्यावर गेले तेव्हा ते एका छोट्या शहराच्या पालिकेने आधीच मान्य केलेला हक्क बजावत होते. आणि त्याच पालिकेने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तो ठराव मागे घेतला. पुढे खटला चालला, उच्च न्यायालयाचा निकाल यायला १९३७ उजाडलं. ठराव करणं, तो बासनात ठेवणं आणि तो मागे घेणं, या तिन्ही गोष्टी नगरपालिकेच्या सभागृहातच घडतात. तिथे कोण बसलं आहे आणि त्यांच्याकडे कोण बघतं आहे याने फरक पडतो.

माझा भाऊ म्हणतो, तू ग्रामसभेचं फार कौतुक करतेस. त्याचं सासर खेड्यातलं आहे, त्याला माहीत आहे. कोरम होत नाही म्हणून सभा तहकूब करायची आणि तहकूब सभेला कोरम लागत नाही म्हणून चार टाळक्यांत उरकायची. घरोघर रजिस्टर फिरवून सह्या घ्यायच्या. खरं आहे, मी नाकारत नाही. पण तिथे ग्रामसभा नीट झाली नाही अशी तक्रार तरी करता येते. आमच्याकडे तक्रार करायला मुळात सभाच नाही.

कायदा बदलायची वाट बघावी लागणार नाही अशा तीन गोष्टी नगराध्यक्षांकडे मागितल्या आहेत, पत्र देऊन पोच घेतली आहे. विषयपत्रिका सभेच्या आधी वेबसाइटवर आणि प्रत्येक प्रभागाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका. वाढदिवसाच्या शुभेच्छा त्या ग्रुपवर सकाळी सहाला पोहोचतात, तेव्हा तांत्रिक अडचण नसावी. इतिवृत्त कायम झालं की तेही टाका. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ प्रमाणे हे लोकांनी न मागताच द्यायला हवं. आणि प्रत्येक नगरसेवकाने तीन महिन्यांतून एकदा आपल्या प्रभागात बसावं, शाळेत, समाजमंदिरात, कुठेही. स्टेज नको, हार नको. अभियंता सोबत हवा आणि प्रश्न लिहून घेणारा एक लिपिक हवा. आमच्या काकूंचा प्रश्न अशा ठिकाणी विचारला गेला असता तर तो नोंदला गेला असता, आणि साहेबांना पातळी मोजून उत्तर द्यावं लागलं असतं. सध्या तो प्रश्न मीच पत्रात चौथ्या मुद्द्यावर घातला आहे. काँक्रीटची गाडी येण्याआधी उत्तर यावं एवढीच घाई आहे.

पुढच्या सभेची विषयपत्रिका हातात आली की इथे टाकेन. लेखाशीर्ष, बंधित-अबंधित निधी, टिप्पणी ही भाषा वाचायला त्रास होतो, तेव्हा कुठला विषय कशाबद्दल आहे ते साध्या शब्दांत खाली लिहीन. कोणाला बरोबर यायचं असेल तर या, बसायला जागा भरपूर आहे. फक्त फायली हलवाव्या लागतील.