दोन स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर: परीक्षा न घेता सर्टिफिकेट का अडवलं?

नमस्कार सर,

मांडव्याच्या आमच्या पॉवरबोट कोर्सबद्दलचा तुमचा रिव्ह्यू वाचला. तक्रारी थोडक्यात अशा: पहिला अख्खा दिवस दोर बांधण्यात गेला, बोट पळवू दिली नाही, पोरसवदा प्रशिक्षक सगळ्यांसमोर ओरडला, परीक्षा न घेताच सर्टिफिकेट अडवलं आणि तुमच्या 14 वर्षांच्या मुलीला मात्र दिलं. शेवटी ‘पूर्ण पैसे घेऊन लायसन्स न देणारे लोक’ हा शेरा. इथे वाचणारे बरेच जण उद्या बोट शिकायला निघणार आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी लायसन्स. आम्ही लायसन्स देत नाही, देऊ शकत नाही आणि तसं कुठे म्हटलेलंही नाही. बुकिंगच्या मेसेजमध्ये पहिलीच ओळ ती आहे. हा ब्रिटनच्या रॉयल यॉटिंग असोसिएशनचा पॉवरबोट लेव्हल 2 कोर्स आहे, दोन दिवसांचा. या माणसाला छोटी बोट सुरक्षित चालवता येते, एवढंच ते सर्टिफिकेट सांगतं. बोटीची नोंदणी, सर्व्हे, विमा ही कामं वेगळी. भाडं घेऊन प्रवासी न्यायचे असतील तर बोट चालवणाऱ्याला आणि इंजिन सांभाळणाऱ्याला वेगळी सरकारी प्रमाणपत्रं लागतात, त्यांना बोटीवरचा कामाचा अनुभव दाखवावा लागतो. तुम्ही मित्राबरोबर जी सेकंडहँड बोट घेताय म्हणून लिहिलंय, तिचे कागद बघायला महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाच्या प्रादेशिक बंदर अधिकाऱ्याच्या ऑफिसात जा, आणि तेही इसार देण्याआधी. एजंटच्या तोंडी भरवशावर राहू नका.

आता दोर. मुंबई बंदरात उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीच्या पाण्यात चार मीटरहून जास्त फरक पडतो. भरतीला आलात, दोर ताणून बांधलात आणि जेवायला गेलात, तर परत येईपर्यंत बोट दोरांवर लटकलेली असते. क्लीट, म्हणजे बोटीवरचा दोर बांधायचा खुंटा, उखडते, नाहीतर बोट एका अंगावर कलते. नांगराचंही तेच. खोली मोजायची ती भरतीची, आणि साखळी निदान तिच्या चौपट सोडायची. दोर जास्त असेल तर सहापट. हे फळ्यावर दहा मिनिटांत सांगून होतं. ओल्या हाताने, हलत्या बोटीत, मागून कोणी घाई करत असताना बोलाइन, म्हणजे न सरकणाऱ्या फासाची गाठ, सुटू नये यासाठी मात्र दिवस जातो. आमच्याकडे तो मुद्दाम घालवतात.

वेगाबद्दल माझं मत सांगतो, तुम्हाला पटो न पटो. उघड्या पाण्यात थ्रॉटल पुढे ढकलायला कोर्स लागत नाही. कसोटी असते ती धक्क्याजवळच्या शेवटच्या दहा मीटरमध्ये. बोटीला ब्रेक नसतो. आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लावलेलं, इंजिन न्यूट्रलला टाकलं की स्टिअरिंगही जवळपास हातचं जातं, कारण बोट वळते ती पंख्याच्या जोरावर. वळताना मागची बाजू बाहेर फेकली जाते. त्यात ओहोटीची ओढ एकीकडे, वारा दुसरीकडे. अशा वेळी माणूस गोंधळतो आणि गिअर खटाखट पुढेमागे करायला लागतो. नेमका तेव्हाच सोबतच्या कोणीतरी धक्का धरायला हात बाहेर काढलेला असतो. टनभर वजनाची बोट आणि काँक्रीट यांच्यामध्ये बोटं आली तर काय होतं, ते मी इथे लिहीत नाही. प्रशिक्षक ओरडला तो त्या क्षणी. आउटबोर्डच्या आवाजात ‘कृपया’ पोचत नाही. त्याच्या वयावर जाऊ नका, तो तांडेलांच्या, म्हणजे पिढीजात बोट चालवणाऱ्यांच्या, घरातला आहे आणि मी स्वतः बोटीत असलो तरी सुकाणू त्याच्याकडे देतो.

तुम्ही ज्याला ‘ती लाल वायर पायाला बांधायची कटकट’ म्हटलंय ती किल कॉर्ड. चालवणारा पाण्यात पडला की ती इंजिनाच्या स्विचमधून निघते आणि इंजिन बंद होतं. नाही बांधली तर रिकामी बोट गोल गोल फिरत पडलेल्या माणसावरच परत येते. मे 2013 मध्ये इंग्लंडच्या कॉर्नवॉलमध्ये, पॅडस्टोजवळ, एका कुटुंबातले सहाही जण स्पीडबोटीतून फेकले गेले. किल कॉर्ड लावलेली नव्हती. वडील आणि आठ वर्षांची मुलगी गेली. त्यामुळे दर वेळी सांगावं लागत असेल तर आम्ही दर वेळी सांगतो, आणि कोण किती वेळा विसरलं ते लिहूनही ठेवतो.

यातच परीक्षेचं उत्तर आहे. या कोर्सला वेगळी परीक्षा नसतेच. एका बोटीत एका प्रशिक्षकामागे तीनच जण असतात ते याचसाठी, की दोन्ही दिवस तो प्रत्येकाला बघत असतो. माणूस पाण्यात पडला तर त्याच्याजवळ कसं जाता, तो हाताशी आल्यावर इंजिन बंद करता का, समोरून बोट आली तर उजवीकडे वळता का, बंदरात शिरताना लाल बोया (पाण्यावरची तरंगती खूण) डावीकडे ठेवता का. तुमचं कशात राहिलं ते प्रशिक्षकाने तुम्हाला लेखी दिलंय. ते जाहीर करणं बरं दिसणार नाही. ‘बोट धक्क्याला हलकीशी टेकली’ असं तुम्हीच लिहिलंय, तेवढ्यावर थांबतो.

मुलीचं सर्टिफिकेट तिने कमावलेलं आहे. बारा वर्षांपासून पुढे हा कोर्स करता येतो. सोळाच्या आतल्यांच्या सर्टिफिकेटवर मात्र शेरा असतो, की बोट जबाबदार मोठ्या माणसाच्या देखरेखीखालीच चालवायची. बाबांना नाही आणि मुलीला आहे, म्हणजे ‘घरात एक तरी झालं’, हा हिशेब चालणार नाही. बोटीत शेजारी बसून फोटो काढणं म्हणजे देखरेख नव्हे.

तासाभरात ऑनलाइन सर्टिफिकेट देणारे मिळतात हे खरं आहे. घ्या, पण त्यावर विसंबून घरच्यांना बोटीत बसवू नका.

पैसे परत मिळणार नाहीत; दोन दिवसांची बोट, पेट्रोल आणि माणूस तुमच्यासाठीच होता. राहिलेला भाग पुन्हा करायचे पैसे आम्ही कोणाकडूनच घेत नाही, तुमच्याकडूनही घेणार नाही. अर्धा दिवस पुरेल. पावसाळ्यात बंद असतं, ऑक्टोबरपासून आठवड्यातल्या मधल्या वारी या, शनिवार-रविवारी धक्क्यावर गर्दी असते. ओहोटी लागतानाची वेळ देऊ. येताना चपला नकोत, बंद बूट घाला, आणि मित्रालाही आणा. बोट त्याचीही आहे ना?